आबांना शाहू स्टेडियमवर फुटबॉल मॅचला न्यायचंय, कुठं बसवू?

मंगळवारपेठकर_पुण्यात:
नमस्कार मंडळी, कोल्हापूरच्या जाणकारांना एक विचारायचं होतं. आमचे आबा ७६ वर्षांचे, गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून स्टेडियम बंद. शाळेत असल्यापासून आमच्या तालमीच्या टीमची एक मॅच सोडली नव्हती म्हणतात (माझ्या बारशादिवशी पण मॅचला गेले होते, ते आई अजून ऐकवते). मी म्हटलं युट्यूबवर लाईव्ह लावून देतो, मोठ्या टीव्हीवर बघा, तर म्हणाले त्यात वास येत न्हाई. कसला वास विचारलं तर नुसते बघत बसले माझ्याकडं. आता रविवारी चारची मॅच आहे, पेठेतली मोठी मॅच, दोन्ही टीम कुठल्या ते लिहीत नाही नाहीतर इथंच भांडणं लागतील. मी शनिवारी रात्री येतोय. गॅलरीत कुठं बसवू, कधी जाऊ, पायऱ्या चढवतील का त्यांना? आई म्हणते नेऊ नको. मी स्वतः दहाबारा वर्षात गेलेलो नाही म्हणून विचारतोय.

साठमारीवाला:
भावा बिनधास्त ने. फक्त चारच्या मॅचला चारला जाऊ नकोस, दोनची पहिली मॅच असते तिलाच जाऊन बस, कुणाची का असंना. साडेतीनला गेलास तर गेटवर जी रेटारेटी असते त्यात तुझापण गुडघा जाईल. पायऱ्या सिमेंटच्या हायत आणि उंच हायत, खालच्या दोनतीन पायऱ्यांवरच बसव, वर चढवायच्या भानगडीत पडू नको. बूड भाजतंय उन्हानं, जुनी उशी ने, टोपी ने. पाण्याची बाटली गेटवर काढून घेत्यात कधीकधी, कारण तुला माहीतच हाय पंचाच्या दिशेनं काय काय उडतंय ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्हीकडच्या समर्थकांच्या मधल्या पट्ट्यात बसू नको. एकतर पूर्ण आपल्या पोरांत बस नाहीतर लांब कडंला.

नको_रे_बाबा:
मी उलटं सांगेन. टीव्हीवरच दाखव. मी पण ३० वर्षं गेलोय त्या गॅलरीत, आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पूर्वी पण शिव्या होत्या, नाही कोण म्हणतंय, पण शिवी देणारा आणि खाणारा मॅच सुटल्यावर एकाच गाड्यावर चहा प्यायचे. आता मॅच संपली की व्हॉट्सअपवर स्टेटसची मॅच सुरू होते आणि ती रात्री चौकात येऊन संपते. हुल्लडबाजीपायी स्पर्धा अर्धवट बंद ठेवायची वेळ आलेली आहे की नाही सांगा. एकदा मी पोराला घेऊन गेलो होतो, पळापळी झाली, पोराची एक चप्पल तिथंच राहिली, परत आणायला पण गेलो नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला पळता येतं का?

साठमारीवाला:
@नको_रे_बाबा ते खरं हाय पण रोज होत न्हाई ते. आणि ज्यादिवशी होतंय त्यादिवशी हवा आधीच कळती. सत्तरीपुढच्या माणसाला तर गॅलरीत बसल्या बसल्या कळतंय.

कूपरेजवाला_मुंबई:
मध्येच येतोय, माफ करा. मी मुंबईचा, तिथल्या कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर लहानपणी बऱ्याच मॅच बघितल्यात. एक कळलं नाही, सगळ्या टीमचं मैदान एकच आहे का? मग होम मॅच कुणाची?

गोलकी_नंबर_१:
@कूपरेजवाला हाच तर नाद आहे कोल्हापूरचा. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगला वरिष्ठ गटात १६ टीम, सगळ्यांना मैदान एकच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, सगळे त्याच गवतावर. त्यामुळं सगळ्याच मॅच होम आणि सगळ्याच अवे म्हणा. नावं बघा, तालीम मंडळ, तरुण मंडळ. तालमी मूळच्या कुस्तीच्या, पोरं लाल मातीतनं उठून फुटबॉलच्या मागं लागली. घरातनं चालत जायचं, चालत यायचं, वाटेत विरोधी टीमची गल्ली लागते, तिथनं मान वर करून जायचं का खाली घालून हे निकालावर. आणखी एक गंमत, स्टेडियम आहे तिथं पूर्वी रावणेश्वर तळं होतं, ते बुजवून मैदान केलंय. आमचे आजोबा गोल चुकला की म्हणायचे, बुडाला, तळ्यात बुडाला.

मूळ प्रश्नाला उत्तर, न्या. मी पूर्वी गोलकीला उभा राहायचो. गॅलरीतली म्हातारी माणसं गोलपोस्टमागनं सांगत असायची, डावीकडं सरक, त्याचा उजवा पाय हाय. आमचा खरा कोच तोच. तिथनं पुढं पोरं कुठवर गेली बघा, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळला की.

मंगळवारपेठकर_पुण्यात:
सगळ्यांचे आभार, जाऊन आलो. रविवार रात्री बसमधनं लिहितोय, लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

सकाळी सहाला उठून आबांनी दाढी केली. लग्नाला जाताना करतात तशी, दोनदा साबण लावून. मग तालमीतल्या मारुतीला जायचंच म्हणाले, तिथं जाईपर्यंत पंधरा मिनिटं, एरवी दोन मिनिटांची वाट, आणि तिथं पोरं आधीच जमलेली, कुणी बुटाच्या लेस काढून परत घालतंय, कुणी पायाला पट्टी बांधतंय. एक खेळाडू पाया पडला तर आबा त्याला म्हणाले, पाया नंतर पड, आधी त्यांच्या अकरा नंबरला आत घेऊ नको. त्या पोराचा जन्म व्हायच्या आधी आबांनी स्टेडियमवर किती उन्हाळे काढले असतील देव जाणे.

दीड वाजताच निघालो, साठमारीवाल्यांचं ऐकून. खासबागेपर्यंत रिक्षा, पुढं चालत. गेटवरच्या माणसानं आबांची काठी बघितली आणि बाटली पण राहू दे म्हणाला. खालच्या तिसऱ्या पायरीवर उशी टाकली. बसल्या बसल्या त्यांनी एकदा जोरात श्वास घेतला आणि मला वासाचं कळलं. पाणी मारलेलं गवत, भाजलेल्या शेंगा, मागच्या बाजूनं येणारा बिडीचा धूर, गर्दीचा घाम. युट्यूबवर हे खरंच येत नाही.

आबा मॅच बघतात ती बॉलकडं बघत नाहीत. मला हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. सगळी गॅलरी बॉलमागं मान फिरवते आणि हे आपल्या स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूच्या) पायाकडं बघत बसलेले. दुसऱ्या हाफला म्हणाले, त्यो दमला, टाचा टेकाय लागला, आता त्याच्या अंगावरनं गोल बसणार. पाचच मिनिटांत तिथनंच बसला. मागच्या पोरांनी पंचाला आईबहिणीवरनं घेतलं, आबा मागं वळून म्हणाले, पंचाचं काय चुकलं, तुमच्या पोराचा पाय कुठं होता ते बघा की. आणि पोरं गप्प बसली हो! पुण्यात माझं लिफ्टमध्ये कुणी ऐकत नाही.

शेवटी शेवटी आपण गोल फेडला, बरोबरी झाली. फेडला तेव्हा आबा उठून उभे राहिले, काठीशिवाय, आणि मी ओरडतोय की बसा बसा, पण मला तरी कुठं ऐकू येत होतं माझं. शेजारच्या अनोळखी माणसानं त्यांना धरलं आणि मग मिठीच मारली. भडंगाची पुडी कुणाची होती माहीत नाही, ती माझ्या शर्टात रिकामी झाली.

मग टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी किक. इथं आबा मैदानाकडं पाठ करून बसले. मी म्हटलं अहो बघा की, तर म्हणाले मी टायब्रेकर कधीच बघितला न्हाई, तोंडं बघतो. आणि खरंच, गॅलरीतल्या माणसांच्या तोंडाकडं बघून सांगत होते, बसला, बसला, अडला, बसला. शेवटच्याला काही बोललेच नाहीत. मी पण मग मैदान सोडून त्यांच्याकडंच बघत बसलो, त्यामुळं शेवटची किक मी पण बघितलेली नाही. हरलो.

गर्दी सुटेपर्यंत अर्धा तास तिथंच बसलो, भांडण वगैरे काही झालं नाही. गोलकीनं लिहिलेलं तेच झालं मग, वाटेत त्यांची गल्ली लागली, हलगी सुरू, गुलाल सुरू. मी म्हटलं मागनं जाऊया, तर नाही, ह्याच वाटेनं आलोय ह्याच वाटेनं जायचं. एका पोरानं मूठभर गुलाल उडवला तो सरळ आबांच्या डोक्यावर. पोरगं घाबरलं, काका चुकून हो. आबा म्हणाले, चुकून न्हाई, जिंकलाय तुम्ही, टाका. आणखी एक मूठ पडली.

घरी आलो तर आईनं दारातच लाल झालेले आबा बघितले आणि म्हणाली, जिंकला वाटतं.
आबा म्हणाले, व्हय, ते जिंकले.

नको_रे_बाबा:
गुडघा कसा आहे ते लिहिलं नाही.

मंगळवारपेठकर_पुण्यात:
सुजलाय. बर्फ लावून बसलेत. आत्ताच आईचा फोन होता, पुढची मॅच कधी लागलीय विचार म्हणाले.

साठमारीवाला:
पेपरात येईल उद्या. तू नसलास तर मी नेतो, घर सांग फक्त.

नको_रे_बाबा:
उशी माझ्याकडं हाय. जाड आहे.