याशिका इलेक्ट्रो ३५: काय दुरुस्त करावं, काय राहू द्यावं?

माळ्यावरचा_कॅमेरा:
नमस्कार मंडळी. याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन या जुन्या फिल्म कॅमेऱ्यामध्ये कोडॅक गोल्ड २००चा रोल वापरला. जुन्या ५.६ व्होल्टच्या मर्क्युरी बॅटरीच्या जागी ४एलआर४४ ही आजची ६ व्होल्टची बॅटरी आहे. बऱ्याच फ्रेमवर डाव्या कडेला नारिंगी पट्टा आलाय, पण सगळ्यांवर नाही. उन्हातले काही फोटो पार पांढरे पडलेत आणि 'प्रकाश जास्त' सांगणारा लाल दिवा कॅमेरा कुठेही रोखला तरी पेटलेलाच असतो. संध्याकाळचे फोटो मात्र किंचित हललेले, मऊ आलेत आणि तेच सगळ्यात आवडलेत.

दुरुस्तीला दिला तर हा मऊपणाही जाईल का? सगळं चकाचक करायची इच्छा नाही. पण रोल आणि धुलाईचा खर्च बघता अर्धा रोल वाया जाणंही परवडत नाही.

खटका:
मऊपणा जाणार नाही. तुमच्या तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी लाल दिव्याचं बघा, कारण रोल खरा तिथे वाया जातोय. कॅमेरा रिकामा असताना शटर उडवा आणि फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर सावकाश ओढा. आतून 'खट्' असा स्पष्ट आवाज यायला हवा. येत नसेल तर आतला एक छोटा पॅड इतक्या वर्षांत विरघळून गेलाय. तो गेला की आतले संपर्क नीट जुळत नाहीत, दिवे खोटं सांगतात आणि शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं. या मॉडेलचं हे जगजाहीर दुखणं आहे. पॅड बदलायला वरचं झाकण आणि लेन्सचा भाग सोडवावा लागतो, त्यात रेंजफाइंडरची (फोकस जुळवायच्या यंत्रणेची) जुळणी हलू शकते. घरी उघडू नका. कारागिराला मात्र 'पॅड बघा' असं आवर्जून सांगा, नाहीतर सर्किट खराब म्हणून कॅमेरा परत हातात येतो.

४एलआर४४ मूळ बॅटरीपेक्षा जवळपास २ सेंमी आखूड आणि अंगाने बारीक असते. भोवती कागदाची गुंडाळी आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग, एवढं पुरतं. मागचं छोटं बटण दाबल्यावर फ्रेमच्या आकड्यापाशी हिरवा उजेड आला नाही तर आधी तिथलीच पकड तपासा.

पॅड बदलेपर्यंत कॅमेरा पडून ठेवायची गरज नाही. बॅटरी काढली की शटर फक्त १/५०० सेकंदावर चालतं, म्हणून प्रकाश लेन्सच्या छिद्राने (एफ आकड्याने, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) सांभाळायचा. २००चा रोल असेल तर कडक उन्हात एफ ८ आणि ११च्या मध्ये, हलक्या ढगाळ हवेत ५.६ ते ४, मोकळ्या सावलीत ४ ते २.८. शंका आली तर थोडं जास्तच उघडा. कलर निगेटिव्हला एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश सहज झेपतो, कमी पडला तर सावल्या चिखलासारख्या होतात आणि त्या कुणालाच वाचवता येत नाहीत.

हायपो_मामा:
पट्ट्याबद्दल. निगेटिव्ह उजेडात धरून बघा. पट्टा फ्रेमच्या बाहेर, फिल्मच्या कडेच्या (स्प्रॉकेटच्या) भोकांपर्यंत गेलाय का? गेला असेल तर प्रकाश मागच्या दारातून शिरतोय. रंगही तेच सांगतो. मागून आलेला प्रकाश फिल्मच्या पाठीतून आधी लाल थरावर पडतो, म्हणून फोटोत लाल-नारिंगी दिसतो. शिवाय फिल्मवर चित्र उलटं पडतं, तेव्हा फोटोतली डावी कड म्हणजे मागून बघताना कॅमेऱ्याची उजवी बाजू. बिजागरीकडचा, प्रकाश अडवणारा फोम तपासा. बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो गेलाय.

हे काम घरी होतं. फिल्मच्या चौकटीवर कागद ठेवा आणि कॅमेरा उघड्या बाजूने खाली धरा, म्हणजे कचरा आत पडणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या टूथपिकने दार जिथे बसतं ती खाच खरवडा. खाचेत बारीक काळी लोकर दाबून बसवा, गोंद लागत नाही. बिजागरीपाशी दीड मिलिमीटरचा काळा फोम चिकटवा. झटपट चिकटणारा डिंक वापरू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरट थर धरतो. शेवटी दार जोर न लावता बंद झालं पाहिजे. होत नसेल तर लोकर जाड झालीय.

मऊपणाचं: पिवळा दिवा म्हणजे शटर १/३० सेकंदापेक्षा हळू. संध्याकाळी एफ १.७वर हात हलतो, आणि ही ४५ मिमीची लेन्स पूर्ण उघडी असताना कडांना मऊ पडतेच. हा तिचा स्वभाव आहे. दुरुस्तीनंतरही तसाच राहील. फक्त एकदा लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तिचा मऊपणा वेगळा, सगळा फोटो धुरकट करणारा. वेळेत साफ केली तर जाते, काच खाल्ली गेली तर डाग कायमचे. पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

माळ्यावरचा_कॅमेरा:
'खट्' आवाज येत नाही आणि पट्टा भोकांपर्यंत गेलाय. दोन्ही निदानं बरोबर. पण पट्टा काही फोटोंत इतका छान बसलाय की बुजवायचा जीव होत नाही. शिवाय २००३ साली मुदत संपलेला आयएसओ १००चा कलर रोल आहे. त्याचं काय?

पुसट_किनार:
पट्टा बुजवाच. तो किती येणार हे कॅमेरा दोन फोटोंमध्ये किती वेळ उन्हात होता त्यावर ठरतं, तुमच्यावर नाही. आज भिंतीवर आला, उद्या आजीच्या चेहऱ्यावर येईल. लेन्सचा मऊपणा तुम्ही एफ १.७ ठेवून मागू शकता आणि ५.६ ठेवून नाकारू शकता. पट्ट्याशी तशी बोलणी होत नाहीत. बुजवल्यावर चाचणीही घ्या: लेन्सवर झाकण ठेवून चार-पाच फ्रेम उडवा, प्रत्येक फ्रेमच्या वेळी कॅमेऱ्याची वेगळी बाजू दहा मिनिटं उन्हात धरा आणि फ्रेमचा आकडा लिहून ठेवा.

जुना रोल जरूर वापरा. कलर निगेटिव्हला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जादा प्रकाश हा ढोबळ हिशेब. १००चा रोल, दोन दशकं, म्हणजे आयएसओ २५ समजून वापरायचा. जीएसएनच्या आयएसओच्या तबकडीवर नेमका तोच सगळ्यात खालचा आकडा आहे. पण हे पॅड बदलल्यावरच. रोल लोखंडी कपाटात उन्हाळे काढत राहिला असेल तर धुकट पार्श्वभूमी आणि मोठे दाणे धरूनच चाला. अंधाऱ्या खोलीत वापरू नका, उन्हातली रंगीत, ठळक दृश्यं निवडा. लग्न-बारसं त्यावर मुळीच नको.

लॅबला दोन गोष्टी सांगा. धुलाई नेहमीच्या वेळेचीच, पुश (जास्त वेळ धुणं) नको, त्याने धुकं वाढतं. आणि स्कॅन करताना ऑटो करेक्शन बंद. नाहीतर मशीन रंगांचा कल ओढून-ताणून सरळ करतं आणि ज्यासाठी जुना रोल घातला तेच पुसलं जातं. निगेटिव्ह परत मागून घ्या.

खटका:
एक राहिलं. या कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारी खिडकी लेन्सच्या वर, वेगळी आहे. लेन्सवर पिवळा फिल्टर लावला तरी मीटरला तो कळत नाही. ब्लॅक अँड व्हाइट घालणार असाल तर २ फॅक्टरच्या (दुप्पट प्रकाश मागणाऱ्या) पिवळ्या फिल्टरला ४००च्या रोलसाठी तबकडी २००वर ठेवा, आणि फिल्टर काढला की आठवणीने परत ४००वर.