मदत हवी आहे: समुद्र तापल्यावर कोणत्या प्रजातीला जास्त धोका, हे ठरवताना गुणांची सरासरी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

प्रकल्पासाठी काही मासे आणि शिंपल्यांची क्रमवारी लावतेय: समुद्र तापत गेला तर आधी कोण अडचणीत येईल? पद्धत नेहमीचीच. तापमानाची झळ किती बसणार, प्रजाती मुळात किती नाजूक आणि जुळवून घेण्याची ताकद किती. प्रत्येक गुणधर्माला १ ते ४ गुण, ४ म्हणजे सर्वांत जास्त धोका.

गाडी अडलीय ती सरासरीपाशी. एक मासा घ्या. खाण्याचे नखरे नाहीत, लांब पोहतो, पाणी तापलं की खोल जातो. सगळीकडे १ नाहीतर २. पण अंडी घालतो ठरावीक जागी, ठरावीक हंगामात. तिथे ४. सरासरी काढली की स्वारी यादीच्या तळाशी, म्हणजे 'सुरक्षित'! मला हे पटत नाही. ६९४ प्रजातींवरचा २०२० चा डाल्के-पोर्टनर वगैरेंचा अभ्यास सांगतो की भ्रूण आणि अंडी घालायच्या बेतातले मासे इतर प्रौढांपेक्षा तापमानाचा बराच अरुंद पल्ला सोसतात. अंडीच जगली नाहीत तर प्रौढाच्या काटकपणाचं काय करायचं?

मार्गदर्शक म्हणतात, "सगळे सरासरीच घेतात." खरंच?

आणि तापमान कुठलं धरू? उपग्रहाचे आकडे पृष्ठभागाचे, माझे शिंपले तळाला.

प्रतिसाद १

सगळे नाही घेत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ८२ प्रजातींचं नोआचं (अमेरिकेची सरकारी महासागर आणि हवामान संस्था) मूल्यमापन (२०१६) बघा. तिथे एका गुणधर्मावर तज्ज्ञांच्या मतांची सरासरी घेतात, पण सगळे गुणधर्म एकत्र करताना नाही. तीन किंवा जास्त गुणधर्मांना ३.५ किंवा वर गुण मिळाले तर संवेदनशीलता (म्हणजे नाजूकपणा) 'अति उच्च', दोघांना ३ किंवा वर मिळाले तर 'उच्च'. झळीचंही तसंच, मग दोन्हींचा गुणाकार.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक तज्ज्ञाला एका गुणधर्मामागे पाच खुणा मिळतात, त्या १ ते ४ गुणांच्या चार रकान्यांत वाटायच्या. खात्री असेल तर पाचही एकात, नसेल तर पसरून. कुठे अंदाजपंचे चाललंय ते लगेच दिसतं.

तुमचा मासा मात्र इथूनही निसटेल, एकटा ४ पुरत नाही. म्हणून प्रजननाला एकच रकाना देऊ नका. नोआनेही अंडी घालण्याचा हंगाम, प्रजननाची गुंतागुंत आणि पिल्लांच्या सुरुवातीच्या गरजा वेगळ्या मोजल्यात.

प्रतिसाद २

शिंपल्यांसाठी तळाचंच तापमान घ्या, महासागराच्या संगणकी प्रारूपांतून (मॉडेल) खोलीनुसार मिळतं. वार्षिक सरासरी नको, अंड्यांच्या महिन्यांचं काढा. प्रयोगशाळेतली कमाल सहनमर्यादा वापरणार असाल तर पाणी किती वेगाने तापवलं होतं ते आधी बघा. वेग वेगळा असेल तर दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. प्राणवायूही मोजा: कोमट पाण्यात तो कमी विरघळतो आणि माशाला तेव्हाच जास्त लागतो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! प्रजननाचे तीन रकाने करते. पण ज्यांच्या पिल्लांबद्दल काहीच छापलेलं नाही अशा शिंपल्यांना काय गुण देता तुम्ही? मधले २ देऊन मोकळं व्हायचं जिवावर येतंय.

प्रतिसाद १

२ देऊ नका, पाच खुणा चारही रकान्यांत पसरा. शेजारी माहितीच्या दर्जाचा वेगळा रकाना ठेवा आणि तिथे शून्य लिहा.