‘रजिस्टर्ड डेमोक्रॅट’ला मराठीत काय म्हणावे?

पानसुपारी:
एका दिवाळी अंकासाठी मी पेनसिल्व्हेनियातील एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचा अनुवाद करीत आहे. त्या स्वतःला ‘रजिस्टर्ड डेमोक्रॅट’ म्हणवतात. मी ‘डेमोक्रॅटिक पक्षाच्या नोंदणीकृत सदस्य’ असे लिहिले. त्यावर संपादकांनी समासात विचारले, की बाईंनी पक्षाची वर्गणी कधी भरली, आणि पुढच्याच प्रकरणात त्या रिपब्लिकन उमेदवाराला मत दिल्याचे उघडपणे सांगतात, तरी पक्षाने त्यांना काढून कसे टाकले नाही? शंका रास्त आहे. आपल्याकडे निवडणूक आयोगाकडे नोंदला जातो तो पक्ष; तिकडे मतदार स्वतःच्या नावापुढे पक्ष नोंदवतो. ‘नोंदणीकृत’ म्हटले की मला तर धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आठवते. दुसरा शब्द सुचवावा.

फिलाडेल्फियाकर:
‘सदस्य’ नकोच. नागरिकत्व मिळाल्यावर मी मतदारनोंदणीचा अर्ज भरला, त्यात पक्षाचा रकाना होता. उगाच कुणाचा शिक्का कशाला, म्हणून ‘कोणताही नाही’ या पर्यायापुढे खूण केली आणि स्वतःच्या तटस्थपणावर खूश झालो. मे २०२१च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवायच्या निवडणुकीत, ती खुशी उतरली, कारण माझ्यापुढे फक्त राज्याच्या घटनादुरुस्तीसारखे सार्वमताचे प्रश्न आले. उमेदवार निवडण्याचा भाग माझ्यासाठी नव्हताच. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी ‘बंद’ असते, म्हणजे ज्या पक्षाची नोंद त्याच पक्षाच्या उमेदवारांमधून निवड करता येते. या नोंदीला वर्गणी नाही, पावती नाही, निष्ठेची शपथ नाही. सरकारी यादीत नावापुढे पक्ष लागतो, एवढेच. मी ‘यादीवर डेमोक्रॅट’ असे म्हणेन.

जुनी पाटी:
‘यादीवर’ वाचून रेशनदुकान आठवले. पण आपण ‘प्रायमरी’ तसाच ठेवून पुढे गेलात, त्याचे काय? आपली वर्तमानपत्रे ‘प्राथमिक निवडणूक’ लिहितात ते त्याहून वाईट. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ‘पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा’ वाचत वाढलेल्या वाचकाला ही मुख्य निवडणुकीची पहिली फेरी वाटते. सरळ ‘पक्षांतर्गत उमेदवारनिवड’ म्हणावे. सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हा हसणारे होतेच. आज तो शब्द कुणालाही टोचत नाही.

ह्यूस्टनकर:
‘महापौर’ शिरसावंद्य, पण ‘पक्षांतर्गत’ला माझा सक्त विरोध आहे, कारण नेमक्या याच शब्दावर आमच्या गावचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्या काळी टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकणारा नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीत निवडून आल्यातच जमा असे, आणि त्या प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मतदान करू देत नसत. पक्षाचे म्हणणे असे, की आम्ही स्वेच्छेने एकत्र आलेली खासगी संघटना आहोत, कुणाला घ्यायचे हा आमचा ‘अंतर्गत प्रश्न’ आहे. (हे वाक्य आपल्याकडेही रोज कानी पडते.) १९३५ साली न्यायालयाने ते मान्यही केले होते. पुढे लॉनी स्मिथ या ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय दंतवैद्यांना १९४०च्या प्रायमरीत मत नाकारले गेले. ते न्यायालयात गेले, वकील थरगुड मार्शल त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९४४ साली ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ या खटल्यात न्यायालयाने आपलाच निर्णय फिरवून प्रायमरी हा सार्वजनिक निवडणुकीचाच भाग ठरवला. ज्या शब्दाच्या आडोशाने लोकांचा मताधिकार अडवला गेला, तोच आपण प्रतिशब्द म्हणून का घ्यावा?

आणखी एक. टेक्सासमध्ये मतदारयादीत पक्षाचा रकानाच नसतो. प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचे. मात्र दुसरी फेरी झालीच, तर तिथे पक्ष बदलता येत नाही. तेव्हा ‘यादीवर डेमोक्रॅट’ आमच्याकडे निरर्थक आहे.

खडूफळा:
माझ्या मते शब्द केव्हाच घरात आला आहे: तिकीट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सरकार मतपत्रिका छापत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची यादी छापून वाटे, मतदार तोच कागद पेटीत टाकी, आणि त्या कागदाला ‘तिकीट’ म्हणत. मॅसॅच्युसेट्सने १८८८ साली सरकारी, गुप्त मतपत्रिकेचा कायदा केल्यावर ती पद्धत हळूहळू गेली. आपल्याकडे मात्र तिकीट श्रेष्ठींकडून मिळते, मिळाले नाही की बंडखोरी होते. अमेरिकेत ते मतदार वाटतात. म्हणून प्रायमरीला ‘तिकीट-निवडणूक’ म्हणावे, सगळ्यांना एका क्षणात कळेल.

आणि जुनी पाटी, ‘उमेदवारनिवड’ हा शब्द शुद्ध कसा? ‘उमेद’ फारसी आहे. माझे आजोबा एका छापखान्यात दोन वर्षे बिनपगारी उमेदवारी करीत होते, तेव्हा त्यांना कुणी मत दिलेले नव्हते.

जुनी पाटी:
फारसी इतकी वर्षे मराठीच्या माजघरात राहिली आहे. इंग्रजी अजून ओसरीवर आहे. शिवाय आपले ‘तिकीट’ सामान्य वाचकाला एस.टी.त नेऊन बसवेल.

खडूफळा:
एस.टी.चे तिकीट आणि पक्षाचे तिकीट यांत आजवर कुणाचीही गल्लत झालेली नाही. ओसरीवरचा पाहुणा शंभर वर्षे जेवून जात असेल, तर त्याचे पान आत मांडायला हरकत नसावी.

पानसुपारी:
चर्चा रंगली, पण माझी शिक्षिका मागेच राहिली. मुद्रितशोधन संपवायचे म्हणून संपादकांनी परस्पर ‘डेमोक्रॅट समर्थक’ असे केले आहे. चालेल का?

फिलाडेल्फियाकर:
मुळीच नाही. आमच्या वॉर्डात नगरपरिषदेची जागा डेमोक्रॅटिक प्रायमरीतच ठरते, म्हणून माझ्या शेजाऱ्यांनी त्या पक्षाची नोंद करून ठेवली आहे आणि नोव्हेंबरमध्ये ते बिनदिक्कत दुसरीकडे मत देतात. २०२१च्या फजितीनंतर मीही रकाना बदलून घेतला. आम्हा दोघांना ‘समर्थक’ म्हणाल, तर शेजारी भांडायलाच येतील. शिक्षिकाबाई त्यातल्याच नसतील कशावरून? पुढचे प्रकरण पुन्हा वाचून पाहावे.

जुनी पाटी:
‘वॉर्ड’ नव्हे, ‘प्रभाग’.