मदत हवी आहे: 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सामूहिक वाचनात दुसरा खंड कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही काही चाहते मिळून ऑनलाइन टोल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही तीन खंडांची कादंबरी वाचतोय. आठवड्याला दोन प्रकरणं, रविवारी व्हिडिओ कॉलवर गप्पा. निम्मे पारायणं केलेले, निम्मे अगदी कोरे. चित्रपटही न पाहिलेले. पहिला खंड मजेत झाला, दुसऱ्यापाशी गाडी अडलीये.

प्रत्येक खंडात दोन भाग. दुसऱ्या खंडात तिसऱ्या भागाची 11 प्रकरणं ॲरागॉर्न वगैरे सोबत्यांची, मग चौथ्याची 10 नायक फ्रोडो आणि त्याचा साथीदार सॅम यांची. म्हणजे आमच्या वेगाने फ्रोडो महिनाभराहून जास्त गायब! नवखे आत्ताच कुरकुरतायत. एका जुन्या भिडूचं म्हणणं, पुस्तकाच्या शेवटच्या परिशिष्ट 'ब'मधल्या (घटनांचा कालक्रम) तारखा लावून दोन्ही भाग आलटून-पालटून वाचू. तसं वेळापत्रक मांडून पाहिलं, जमतं. पण इकडच्यांना तिकडचं काही कळत नाही, तसंच वाचकालाही कळू नये, हीच तर या रचनेतली गंमत. हाच प्रकार तिसऱ्या खंडातल्या पाचव्या-सहाव्या भागांत केला, तर त्या अज्ञानावर उभा असलेला एक जबरदस्त प्रसंग फुसका होईल असं मला वाटतं. (कोणता ते लिहीत नाही, आमचे नवखेही इथे असतात.)

आठवड्याला तीन प्रकरणं करून पाहिली, नोकरीवाले मागे पडले. दोन वेगळे गट केले, तर गप्पांची मजाच गेली. टेलिग्रामवर रहस्यभेद झाकून लिहितो, त्याची अडचण नाही. आणि 'आधी चित्रपट दाखवा' हे कृपया सुचवू नका.

नवख्यांसोबत तारखांच्या क्रमाने कुणी वाचलंय का? तिसऱ्या खंडातला तो धक्का टिकला का? आणि मूळ क्रमानेच गेला असाल, तर फ्रोडोविना त्यांना कसं धरून ठेवलंत?