मदत हवी आहे: गोव्यातल्या लग्नात कॉकटेलच्या तासाला दोन्हीकडची माणसं एकत्र कशी आणावीत?

नमस्कार मंडळी,

माझ्या मावसबहिणीचं लग्न येत्या एप्रिलमध्ये गोव्यात, सत्तरी तालुक्यात आहे. मुलगा तिथलाच, आम्ही साताऱ्याकडचे. विधी संध्याकाळी आटोपले की नवरा-नवरी फोटोंसाठी जाणार आणि जेवणापर्यंत तासभर १४० पाहुणे मुलाच्या काकांच्या अंगणात असणार. तो कॉकटेलचा तास सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय.

गेल्या वर्षी साखरपुड्याला हाच तास फार वाईट गेला. आमचे काका लोक काउंटरपाशी, मावश्या-आत्या भिंतीकडेच्या खुर्च्यांवर कोल्ड्रिंकचे ग्लास धरून, आणि मुलाकडचे सगळे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. माझी आजी माळकरी आहे. ती शेवटी गाडीत जाऊन बसली. तिच्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं, पण तिला तिथे करण्यासारखं काही नव्हतं आणि बोलायला कुणी नव्हतं. मला ते अजून लागून राहिलंय.

इव्हेंटवाल्यांनी बाटल्या उडवणारा बारटेंडर आणि ड्राय आइसचा धूर सुचवला. पण तो खेळ लोक पाच मिनिटं मोबाइलमध्ये टिपतील आणि पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जातील. मला पाहुण्यांच्या हाताला काम द्यायचंय.

एप्रिल म्हणजे उर्राकचे दिवस. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भट्टीवर पहिल्यांदा उतरवला की उर्राक, दुसऱ्यांदा उतरवला की फेणी. उर्राक फार टिकत नाही, म्हणून हंगामातच मिळते. काकांच्या ओळखीत भट्टी आहे. मनात असं आहे की एका लांब टेबलावर उर्राक, लिंबं, मीठ, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि लिम्का ठेवायचं आणि ज्याने त्याने आपला ग्लास बनवायचा. न पिणाऱ्यांसाठी त्याच टेबलावर नीरो, म्हणजे बोंडांचा न आंबलेला रस, आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस.

नीरो संध्याकाळपर्यंत राहील का? १४० माणसांची रांग कशी टाळायची? आणि मुख्य म्हणजे, दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलतील असं काय करता येईल?

प्रतिसाद १
आमचं घर पेडण्याला आहे, म्हणून सांगतो. नीरोवर भिस्त ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात तो सकाळचा दुपारी आंबायला लागतो. पहाटेचा आणून बर्फात ठेवता आला तर थोडा ठेवा, मुख्य भर आगळावर. उर्राक मात्र ज्याने त्याने ओतून घेऊ नये. लिम्का घातली की ती सरबतासारखी जाते आणि नवख्या माणसाला अंदाज राहत नाही. ओतायला एक जाणता माणूस ठेवा, बाकी लिंबू-मीठ-मिरची पाहुण्यांनी करावी. वास सगळ्यांना आवडत नाही, तेव्हा आधी घोटभर चाखायला द्या. घाटातून रात्री गाडी चालवणाऱ्यांची नावं आधीच घेऊन ठेवा. परवान्याचंही काकांना अबकारी खात्यात विचारून घ्यायला सांगा. आणि परतताना बाटल्या भेट देऊ नका, राज्याबाहेर न्यायला वेगळा परवाना लागतो.

प्रतिसाद २
कल्पना सुंदर आहे, पण एक चूक होतेय. माळकरी आजीला दारूच्या टेबलापाशी उभं करू नका. ग्लास वेगळा असला तरी त्यांना तिथे बरं वाटणार नाही, आणि तुमच्या मनाखातर त्या गप्प बसतील. कोकमाचं टेबल वेगळं मांडा, अंगणात शिरल्यावर पहिलं तेच लागेल असं. जिरं, मीठ, हिरवी मिरची, नारळाचं दूध. आजींनाच सांगा, सोलकढी कशी जमवायची ते दाखवा. मुलाकडच्या एखाद्या आजींना सोबतीला बसवा. प्रमाणावरून दोघींचं नक्की वाजेल, आणि ते ऐकायला माणसं गोळा होतील.

प्रतिसाद ३
रांगेसाठी: एक लांब टेबल नको, अंगणाच्या तीन बाजूंना तीन छोटी. लिंबं आधीच कापून ठेवा. बर्फ वाटतो त्याच्या दुप्पट मागवा, निम्मा थर्माकोलच्या पेट्यांत बंद राहू दे.
बोलतं करण्यासाठी: ग्लासाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा. तुमच्याकडच्यांना मराठी शब्द, त्यांच्याकडच्यांना त्याच अर्थाचा कोंकणी. पाणी–उदक, भात–शीत, मासे–नुस्तें, नवरी–व्हंकल. आपली जोडी शोधायची आणि सापडली की दोघांनी मिळून नवरा-नवरीसाठी दोन ओळी लिहायच्या. हे आम्ही बहिणीच्या लग्नात केलं होतं. त्या चिठ्ठ्या तिने अजून जपून ठेवल्यात.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून लगेच आजीला फोन केला. ती म्हणाली, "आगळ मी आणलेलं चालेल का त्यांना?" साताऱ्यात आगळ कुठून आणणार तू, असं विचारलं, तर तिने कुडाळच्या नातीचं नाव घेतलं. म्हणजे तिचं ठरलंय.

तीन टेबलं, ओतायला काकांचा माणूस आणि चिठ्ठ्या नक्की केल्या. आता ७० जोड्या करायच्या आहेत. तेच शब्द पुन्हा वापरले तरी निदान पंधरा वेगळे हवेत, चार मिळाले. सत्तरीकडच्या बोलण्यातले असतील तर फारच उत्तम. स्वयंपाकघरातले आणि नात्यांचे आधी सुचवा, म्हणजे आजींनाही ओळखता येतील.