समोशाच्या बोर्डाआधी बीपीची गोळी वेळेवर द्या

कळमनेकर (धागा सुरू करणारा)

जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या एम्सचं नाव देशभर गाजलं. समोसा, जिलेबीत तेल-साखर किती असते ते सांगणारे बोर्ड कॅन्टीनमध्ये लागणार, अशी बातमी होती. मग केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापायला सांगितलेलं नाही, कामाच्या ठिकाणी लोकांना माहिती मिळावी एवढाच हेतू आहे. परवा घरी पाहुण्यांमध्ये हा विषय पुन्हा निघाला. "लोकांना जिभेवर ताबाच नाही, म्हणून हे रोग," असं एक जण म्हणाले आणि मी ताटावरून उठलो.

माझे बाबा कळमन्याच्या बाजारात हमाल होते. तीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. अंगावर चरबी नाही, दारू नाही, खर्रा म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू नाही, जिलेबी सणावाराला. ५२व्या वर्षी एका शिबिरात बीपी मोजलं तर १८०/११०. जवळच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, पण एका वेळी दहा दिवसांच्याच मिळत. दहा दिवसांनी पुन्हा रांग, म्हणजे अर्ध्या दिवसाची हमाली बुडाली. दोनदा "साठा आला नाही, सोमवारी या" ऐकून परत आले. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. त्यांनी गोळी सोडून दिली आणि आम्हाला सांगितलंही नाही. आठ महिन्यांनी एका पहाटे उजवी बाजू गेली. आज आई त्यांना भरवते.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासणं हा राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग आहे. पण मोजल्यावर तो माणूस पुढच्या महिन्यात गोळी न्यायला आला की नाही, हे कोण बघतं? माझं मत सरळ आहे. सरकारकडे दहा रुपये असतील तर नऊ गोळीचा साठा आणि पाठपुरावा यावर लावा, उपदेशावर एक.

त्रिमूर्तीनगरचे मास्तर

बाबांचं वाचून फार वाईट वाटलं. तरीही तुमच्या नऊ-एकच्या हिशोबाला माझा विरोध आहे.

मी निवृत्त शिक्षक. सहा वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ८.९ होती. रोज सकाळी तर्री पोहे, म्हणजे चण्याचा तेलकट रस्सा घातलेले पोहे, आणि वर दोन आलूबोंडे, दुपारी भाताचा डोंगर, चहासोबत शेव. अंबाझरीच्या बाजूने रोज पाऊण तास चालायला लागलो. मे महिन्यात सहा वाजायच्या आत, नाहीतर जमतच नाही. भात अर्धा केला, ताटात आधी भाजी आणि वरण. चौदा महिन्यांत ६.६ झाली आणि एक गोळी कमी झाली.

देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. या १३.६ कोटींना तुम्ही रांगेत उभं करून गोळ्या वाटणार का? उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. आहार आणि व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. आणि खर्र्याचं काय? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधून चौकाचौकात मिळतो. माझ्या वर्गातली पोरं आज तिशीत आहेत आणि काहींचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. त्यांना कुठली गोळी देणार? तिथे सवयच मोडावी लागते.

कळमनेकर

मास्तर, खर्र्याचं तुमचं शंभर टक्के मान्य. पण तुम्ही सांगितलेल्या प्रयोगात लोकांना नुसतं "चाला, कमी खा" सांगून सोडलं नव्हतं. प्रत्येकामागे एक प्रशिक्षित माणूस होता आणि सुरुवातीच्या सहा महिन्यांत समोरासमोर बसून सोळा धडे झाले. म्हणजे ५८ टक्के हे फळ उपदेशाचं नाही, पगारी माणसाने धरलेल्या बोटाचं आहे. आपल्याकडे चेन्नईला असाच प्रयोग झाला, तिथे जीवनशैलीने साधारण २८ टक्के आणि मेटफॉर्मिनने २६ टक्के घट झाली. जवळजवळ बरोबरीच.

शिवाय जिभेवर ताबा नसल्याचा ठपका सगळ्यांना लागू होत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा त्यामानाने जास्त असतो. आईच्या पोटातच ज्याची सुरुवात होते, त्याचा दोष त्या माणसाला कसा द्यायचा?

पोहेवाला

माही गाडी आहे पोह्याची. मास्तर, तुमी म्हनता ते खरं आहे, पन माह्या बाजूनं पन आयका. तर्रीवर तेलाचा तवंग नाई दिसला तर गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवर जाते. मले सोताले शुगर आहे. पहाटे तीनले उठतो, चना शिजवतो, दहा वाजेपर्यंत उभा. घरी जाऊन वेगळं खायले टाइम नाई, मंग जे इकतो तेच खातो. बोर्ड लावा म्हनसान तर लावतो. दोन महिने झाले, मी सोताच इचारून राह्यलो, "वरची तर्री देऊ का खालची?" खालच्यात तेल कमी. पयले लोक हासत होते, आता बरेच जन खालची मांगते.

सिस्टर

मी परिचारिका आहे, आधी वर्धा जिल्ह्यात होते, आता नागपुरात. दोघांशीही थोडं भांडायचं आहे.

कळमनेकर दादा, साठा नव्हता ही चूकच, तिला माफी नाही. पण तुमच्या बाबांना कोणीतरी खुर्चीवर बसवून सांगायला हवं होतं की बीपी दुखत नाही, बरं वाटलं तरी गोळी चालूच ठेवायची. ते पाच मिनिटांचं बोलणं तुम्ही "उपदेश" म्हणून एका रुपयात टाकलंत. मला ते पटत नाही. गोळी हातात असूनही सोडणारे मी रोज बघते.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम राज्यात सुरू झाला तेव्हा पहिल्या जिल्ह्यांमध्ये वर्धा आणि भंडारा होते. त्यात मोठं यंत्र काही नव्हतं. ठरलेली औषधं ठरलेल्या क्रमाने: आधी अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी, १४०/९० च्या खाली येत नसेल तर पुढची पायरी. एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या. प्रत्येकाचं कार्ड, आणि तारखेला आला नाही तर फोन किंवा आशाताई घरी. मला आठवतं, एक आजी शेतावरून चिखलाच्या पायांनी यायच्या, कार्ड पदरात बांधलेलं. गोळी काही रुपयांची, पण त्या कार्डाचा त्यांना आधार वाटायचा.

आणि मास्तर, तुम्ही लिहिलंत "एक गोळी कमी झाली". हे वाचून चार जण उद्या स्वतःच गोळी बंद करतील. कृपया नीट लिहा. मिठाबद्दलही कुणी बोललं नाही. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, शेव सगळं आलं. आपल्या जेवणात हा चमचा दुपारीच संपतो.

महालची सून

मास्तर काका, मी चालायला कधी जाऊ? पाचला नळ येतो, मग डबे, मग सासूबाईंचं वेगळं जेवण. संध्याकाळी गल्लीत अंधार असतो आणि कुत्री मागे लागतात. सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते मी खाते, बहुतेक वेळा भातच. दुसऱ्या बाळाच्या वेळी मला शुगर निघाली होती. बाळंतपणानंतर दीड महिन्याने पुन्हा तपासायची असते हे मला चार वर्षांनी कळलं, तेव्हा शुगर मुक्कामालाच आली होती. चालायला मलाही हवंय, काका. दिवे लावा, रस्ता मोकळा करा, मी येते.

त्रिमूर्तीनगरचे मास्तर

सिस्टर, दुरुस्ती करतो. माझी गोळी डॉक्टरांनी तपासण्या बघून कमी केली, मी नाही. दोन अजून चालू आहेत. कोणीही मनाने बंद करू नये.

महालच्या ताईंचं वाचून दिवसभर अस्वस्थ आहे. माझ्या पाऊण तासामागे पेन्शन आहे आणि चहा करून देणारी बायको आहे, हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. तरी कळमनेकर भाऊ, नऊ-एक मला अजूनही मान्य नाही. रस्त्यावरचा दिवा, शाळेजवळची खर्र्याची टपरी, पोह्यातलं तेल, हे सगळं त्या एका रुपयात बसणार नाही. गोळीला पाच द्या, माझी हरकत नाही.

बाबांना आता गोळ्या नियमित मिळतात का?

कळमनेकर

मिळतात. तीस दिवसांच्या एकदम देतात आता. आणायला मी जातो.