विषय: पोर्ट उघडूनही घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही

नमस्कार मंडळी,
घरचा कॅमेरा बाहेरून पाहता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) आलेली विनंती कॅमेऱ्याकडे वळवली. वायफायवर सगळं चालतं, बाहेरून काहीच उघडत नाही. ब्रॉडबँड कंपनी म्हणते, "तुमचा आयपी डायनॅमिक आहे." म्हणून डायनॅमिक डीएनएसही (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) लावलं, तरी तेच. नवा राउटर घ्यावा का?

---

ताई, राउटरवर पैसे घालवू नका. आधी राउटरच्या सेटिंगमध्ये 'वॅन'समोर (बाहेरची इंटरनेट जोडणी) दिसणारा आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून तिथला पत्ता ताडून पाहा. दोन्ही एकच असले तर पत्ता तुमच्या एकट्या घराचा आहे, फक्त अधूनमधून बदलतो. त्याला डायनॅमिक डीएनएस पुरतं. पण राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला. त्यासाठी काही कंपन्या १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही देतात.

आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवते आणि पोर्ट क्रमांकांवरून ती वेगळी ओळखते. एका पत्त्याला पोर्ट ६५,५३६. त्यातले काही प्रत्येक घराच्या वाट्याला येतात. तुम्ही आतून एखादी साइट उघडली की कंपनीच्या यंत्रात नोंद होते आणि उत्तर बरोबर तुमच्याकडे येतं. बाहेरून नवी विनंती आली तर तशी नोंदच नसते, ती तिथेच टाकून दिली जाते. तुमच्या राउटरपर्यंत ती पोचतच नाही, मग त्यात कितीही पोर्ट उघडा.

मला याहून जास्त खटकतं ते वेगळंच. त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या कुणी स्पॅम पाठवला आणि एखाद्या साइटने पत्ता अडवला, तर काही न करता तुम्हीही अडकता. ग्राहकाला हे जोडणी देतानाच सांगायला हवं.

कंपनीला सरळ विचारा: आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) देता का, किंवा जादा पैसे घेऊन सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळेल का?

---

दादा, पाहिलं. राउटरमध्ये १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे, ब्राउझरमध्ये अगदी वेगळा. आयपीव्ही६ मिळेल म्हणाले. मग काम झालं ना?

---

अर्धं झालं. आयपीव्ही६ चे पत्ते १२८ बिटांचे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. पण पाहणाऱ्या मोबाइलच्या नेटवर्कवरही आयपीव्ही६ हवं, आणि कॅमेऱ्यालाही ते यायला हवं. राउटरचा फायरवॉल बाहेरून येणारं बहुधा अडवतोच. तो सरसकट बंद करू नका. कॅमेरा उघड्यावर ठेवण्यापेक्षा राउटरवर व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) चालवा, तेवढाच एक पोर्ट उघडा आणि त्यातून घरात शिरा. राउटरमध्ये व्हीपीएनची सोय आहे का? मॉडेल कळवा, सेटिंग सांगतो.